पहिल्या तुर्की अभिनेत्री

प्रश्न : सुरुवातीच्या तुर्की चित्रपटांत स्त्री-भूमिका कोण करत?

उत्तर : बहुतेक आर्मेनियन आणि ग्रीक अभिनेत्री. मुस्लिम स्त्रीने रंगमंचावर येणंच निषिद्ध होतं. १९२० मध्ये इस्तंबूलच्या काडीकॉय भागात अफीफे जाले ही मुस्लिम तरुणी रंगमंचावर उभी राहिली. पोलीस तिला पकडायला नाट्यगृहात येत, सहकारी तिला मागल्या दाराने बाहेर काढत. शेवटी नाटक मंडळीने तिला काढून टाकलं. १९४१ मध्ये ती मनोरुग्णालयात वारली. हे वाचताना माझा आजही संताप होतो. तुर्की प्रजासत्ताक आलं त्याच वर्षी, १९२३ मध्ये, दिग्दर्शक मुहसिन एर्तुग्रुल यांच्या ‘आतेश्तेन गोम्लेक’ या चित्रपटात बेदिया मुवाह्हित आणि नेयिरे नेयिर या मुस्लिम अभिनेत्री पडद्यावर आल्या. मूळ कादंबरीही एका स्त्रीचीच, हालिदे एदिब यांची.