कारण सांगायची घाई करू नकोस

अगं,

तुझा मेसेज वाचला. ३६ आठवड्यांचं बाळ, ठोके नाहीत, तुझ्या तोंडून शब्द फुटेना आणि शेवटी सिस्टरना पुढे करून तू बाहेर आलीस. विचारतेयस की अशा वेळी बोलायचं काय. खरं सांगू का, बोलायचं फार थोडं असतं, करायचं खूप असतं आणि त्यातलं बरंचसं पहिल्या काही तासांतच करावं लागतं, म्हणून हे पत्र लांबणार आहे, ड्यूटी संपल्यावर निवांत वाच.

सोनोग्राफीत हृदय बंद दिसलं की स्क्रीनकडे बघत गप्प बसून राहायचं नाही, आईला तुझ्या चेहऱ्यावरून आधीच कळलेलं असतं. सिनियरला बोलव, दुसऱ्यांदा खात्री कर, ती एकटी असेल तर सोबत कोण हवंय ते विचार आणि मग तिच्याकडे बघून सरळ सांग, "बाळाचं हृदय थांबलंय, बाळ गेलंय." "ठोके नीट सापडत नाहीयेत" असलं अर्धवट बोललीस की माणसं त्या अर्ध्या वाक्यावर रात्रभर आशा धरून बसतात. नंतर ती म्हणेल की आत्ता हललं ना! बाळ पाण्यात असतं, कूस बदलली की सरकतं, ते तिला खरंच हालचालीसारखं वाटतं. तिला वेड्यात काढू नकोस, परत एकदा सोनोग्राफी करून दाखव.

मग घरचे म्हणतील सिझर करून मोकळं करा. त्यांचं चुकत नाही, तिला अजून कळा कशाला द्यायच्या असं वाटतंच, पण बहुतेक वेळा नॉर्मल डिलिव्हरी तिच्यासाठी जास्त सुरक्षित असते, पोटावरचा टाका पुढच्या खेपेला नडतो, हे समजावून सांग आणि वेदना कमी करायचं जे काही असेल ते हात राखून न ठेवता दे. ब्लीडिंग, इन्फेक्शन, बीपी यातलं काही नसेल, पाणीही गेलेलं नसेल, तर तासाभरात सगळं उरकायची गरज नसते, एक रात्र घरी जाऊन यायचं म्हणाली तर जाऊ दे.

आता मुख्य गोष्ट. "का झालं?" हा प्रश्न येतोच आणि इथे भले भले घसरतात. "नाळ गळ्याला गुंडाळली होती हो" हे इतक्यांदा ऐकलंय ना मी की आता चीड येते. ठणठणीत जन्मलेल्या बाळांतही साधारण चार-पाचात एकाच्या गळ्याला नाळेचा वेढा असतो. नाळेमुळे बाळ जाऊ शकतं, जातंही, पण त्याला पुरावा लागतो, घट्ट ओढलेली गाठ, नाळेत गोठलेलं रक्त, प्लासेंटामध्ये, म्हणजे वारेत, त्याच्या खुणा. नुसता दिलासा म्हणून कारण चिकटवून दिलंस की घरचे तपासण्यांना नाही म्हणतात, कारण तर कळलंय, आता बाळाची चिरफाड कशाला, आणि आईला डायबेटिस असेल किंवा अँटीफॉस्फोलिपिडचा, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा त्रास असेल तर तो तसाच दडून पुढच्या खेपेपर्यंत जातो. "आत्ता मला माहीत नाही, पण शोधायचा पूर्ण प्रयत्न करू" हे वाक्य म्हणायला शीक. सुरुवातीला जड जातं.

शोधायचं म्हणजे आधी प्लासेंटा सांभाळायचा. अमेरिकेत ५१२ मृत जन्मांचा बारकाईने अभ्यास झाला होता, त्यात कारण ठरवायला प्लासेंटाची तपासणी सुमारे ६५ टक्के केसेसमध्ये उपयोगी पडली, शवविच्छेदन ४२ टक्क्यांत, जेनेटिक टेस्ट १२ टक्क्यांत. आणि लेबर रूममध्ये सगळ्यात आधी काय फेकलं जातं? तोच. सिस्टरना डिलिव्हरीच्या आधीच सांगून ठेव. सगळा प्लासेंटा थेट फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवायच्या रसायनात, बुडवू नकोस, जेनेटिक टेस्टसाठी आधी एक छोटा तुकडा सलाइनमध्ये काढून ठेव. बाळ जाऊन काही दिवस झाले असतील तर पेशी वाढत नाहीत आणि गुणसूत्रं बघायची साधी कॅरिओटाइप टेस्ट फसते, मायक्रोअॅरे या दुसऱ्या जेनेटिक टेस्टला जिवंत पेशी लागत नाहीत. बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळलंय का ते बघायची क्लायहाउअर टेस्ट जमलं तर डिलिव्हरीच्या आधीच पाठव. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनसाठी डिलिव्हरीची वाट बघू नकोस. शुगर, थायरॉइड, सिफिलिस, इन्फेक्शन वगैरे तू करशीलच. अँटीफॉस्फोलिपिड पॉझिटिव्ह आलं तर किमान १२ आठवड्यांनी परत करावं लागतं, हे डिस्चार्ज कार्डवर लिही, नाहीतर कोणी करत नाही.

शवविच्छेदनाचं विचारताना फॉर्म हातात देऊन दारात उभी राहू नकोस. खुर्ची घेऊन बस. यातून काय कळू शकतं, काय नाही कळणार, नंतर बाळाला टाके घालून, कपडे घालून परत देतात, परत बघता येतं, हे सगळं सांग. नको म्हणाले तर नको, पण सगळंच बंद करू नकोस, बाहेरून तपासणी, फोटो, एक्स-रे, जमलं तर एमआरआय याला बरेच जण हो म्हणतात.

बाळ बघायचं का, कुशीत घ्यायचं का हेही विचार, आणि एकदा नाही म्हणाली तर थोड्या वेळाने परत विचार, पण आग्रह नको. आणण्याआधी सांग की कातडी काही ठिकाणी सोलली आहे, ओठ गडद लाल झालेत, डोकं मऊ लागेल. आधी सांगितलं असेल तर बहुतेक आया ते बाजूला ठेवून बोटं बघतात, नाक कोणावर गेलंय बघतात. पायाचा ठसा घेताना कातडी फार नाजूक असते, तळवा पुसायचा नाही, नुसता टिपायचा, शाई हलकी लावायची आणि कागदच पायाला टेकवायचा. ठसा, फोटो, जावळाची बट, प्रत्येक गोष्ट विचारून घे, आणि आत्ता नको म्हणाले तर फाइलमध्ये जपून ठेवू का तेही विचार. काही जण खूप नंतर मागायला येतात.

दुधाचं कोणीच सांगत नाही बघ! डिलिव्हरीनंतर दोन-चार दिवसांत दूध येतं, ती घरी असते, ब्लाउज भिजतो आणि तिला आधी कोणी बोललेलंच नसतं. डिस्चार्जच्या आधी सांग. दूध थांबवायची गोळी देता येते, पण बीपी वाढलेलं असेल तर त्यातली कॅबरगोलिन नको.

बाप बिलं आणि फॉर्म यांत पळत असतो, त्याला कोणी विचारत नाही, तू विचार.

रिपोर्ट यायला वेळ लागतो, म्हणून तारीख देऊनच घरी पाठव, आणि ती तारीख पोटुशा बायकांच्या ओपीडीची नको. लसीकरणाच्या यादीतून नाव काढून घे, दीड महिन्याने डोस घ्यायला या असा मेसेज गेला की काय होईल विचार कर. येताना प्रश्न लिहून आणायला सांग. प्रश्नात तिचा अपराध असतोच, मी आदल्या दिवशीच का नाही आले, मी तो जिना का चढले. एकेकाचं उत्तर दे, "असा विचार करू नका" म्हणून उडवून लावू नकोस. आणि आपल्याकडून उशीर झाला असेल तर तोही सांगावा लागतो. जगात वर्षाला साधारण १९ लाख बाळं २८ आठवड्यांनंतर अशी जातात, त्यातली ४० टक्क्यांहून जास्त कळा सुरू झाल्यावर, म्हणजे बऱ्याच ठिकाणी आपल्या डोळ्यांसमोर, तेव्हा रिव्ह्यू मीटिंगमध्ये फाइल सारवासारव न करता मांड आणि आईबापांचे प्रश्नही तिथे वाच.

सगळं करूनही काही वेळा कारण सापडत नाही. तेव्हाही काय काय नव्हतं हे सांगता येतं, आणि ते ऐकायला माणसं खरंच आलेली असतात.

पुढच्या खेपेचा प्लॅन सापडलेल्या कारणावर बसव, शुगर असेल तर आधी ती आटोक्यात, प्लासेंटाचा किंवा बीपीचा प्रॉब्लेम असेल तर लवकर अॅस्पिरिन, बाळाच्या वाढीच्या सोनोग्राफ्या जास्त. आणि ती रात्री दोन वाजता हालचाल कमी वाटतेय म्हणून चौथ्यांदा आली तरी तोंड वाकडं न करता सीटीजी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढायचं मशीन, लाव.

तुझी,
मॅडम