उचललं की सुचलं? रॉकवाल्यांच्या कोर्टकचेऱ्या आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात रॉकमधल्या गाजलेल्या रिफवर, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांवर लिहिलं, तर आलेल्या मेलपैकी बहुतेकांचा सूर एकच, अमुक गाणं तमुक गाण्यावरून ढापलंय ना? सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: जॉर्ज हॅरिसनने 'माय स्वीट लॉर्ड'ची चाल चोरली असं कोर्टानेच ठरवलं म्हणे. बीटल्समधल्या माणसाला चोरीची काय गरज? आणि "नकळत चोरी" हा काय प्रकार आहे?

कोर्टाने ठरवलं हे खरंय, पण मुद्दाम चोरली असं कोर्ट म्हणालंच नाही. 1963 मध्ये द शिफॉन्स या मुलींच्या ग्रुपचं 'ही'ज सो फाइन' अमेरिकेत नंबर वनला गेलं होतं, आणि हॅरिसनचं गाणं 1970 च्या शेवटी आलं, म्हणजे मधे जेमतेम सात वर्षं. इतकं वाजलेलं गाणं त्याच्या कानावर पडलं नसेल असं त्याचे वकीलसुद्धा म्हणू शकत नव्हते.

आता सूर बघा, कीबोर्ड असेल तर वाजवूनच बघा. पहिला तुकडा प-ग-रे, दुसरा प-ध-सा-ध-सा. शिफॉन्सकडे पहिला चार वेळा येतो आणि मग दुसरा चार वेळा, हॅरिसनकडे पहिला चार वेळा, दुसरा तीन वेळा आणि चौथ्याच्या जागी थोडं जोडकाम. सुटे सुटे घेतले तर हे तुकडे कुणाच्याच बापाचे नाहीत, पण त्याच क्रमाने, जवळपास तितक्याच वेळा, आणि वर दुसऱ्या तुकड्यात अगदी त्याच जागी तोच कणस्वर, म्हणजे मुख्य सुराआधी ओझरता लागणारा सूर? न्यायाधीश रिचर्ड ओवेन स्वतः ऑपेरा रचणारे होते, त्यामुळे त्यांना हे ऐकू येणारच होतं. 1976 मध्ये त्यांनी निकाल दिला की हॅरिसनने जाणूनबुजून काही केलं नाही, ती चाल त्याच्या मनात आधीपासून मुरलेली होती आणि ती आपलीच आहे असं त्याला वाटलं. पण कॉपीराइटच्या कायद्यात हेतू चांगला होता म्हणून सुटका होत नाही. माझ्या मते निकाल बरोबर होता, हॅरिसन कितीही आवडत असला तरी.

खरी मजा पुढे आहे आणि ती फार कमी लोकांना माहितीय. केस सुरू झाली तेव्हा हॅरिसनचा मॅनेजर होता अ‍ॅलन क्लाइन, आणि समोरच्या ब्राइट ट्यून्स कंपनीशी तडजोडीची बोलणी हाच करत होता. पुढे दोघांचं फाटलं, आणि 1978 मध्ये क्लाइनने काय करावं, तर ब्राइट ट्यून्सकडून 'ही'ज सो फाइन'चे हक्क 5 लाख 87 हजार डॉलरला स्वतःच विकत घेतले! म्हणजे ज्याच्या बाजूने बोलणी केली त्याच्याच विरुद्ध हा आता फिर्यादी. नुकसानभरपाईचा आकडा निघाला जवळपास 16 लाख डॉलर, पण 1981 मध्ये कोर्टाने क्लाइनला सुनावलं की असला नफा तुला मिळणार नाही, तू भरलेस तेवढेच 5 लाख 87 हजार हॅरिसनने तुला द्यायचे आणि गाणं त्याचं. त्यानंतरही कागदोपत्री वाद नव्वदच्या दशकापर्यंत रेंगाळला. यात 'ही'ज सो फाइन' लिहिणारा रॉनी मॅक कुठे होता विचाराल, तर तो 1963 मध्येच वारला होता. या भानगडींमध्ये असंच होतं, भांडणारे बहुतेक वेळा कागद ज्याच्या हातात आहे ते असतात, गाणं ज्याला सुचलं तो नाही.

प्रश्न: आठ मात्रांपर्यंत कॉपी केलेली चालते असं मित्र सांगतो. खरंय का?

नाही. असा नियम कुठल्याच कायद्यात नाही. मित्राला सांगा, लहानसा तुकडाही ओळखू येण्याइतका खास असेल तर अडकू शकता आणि लांबलचक तुकडा अगदी सर्वसाधारण असेल तर सुटू शकता.

प्रश्न: 'स्टेअरवे टू हेवन'चा इंट्रो आणि स्पिरिट या बँडचं 'टॉरस' पाठोपाठ ऐकलं. सरळ सरळ कॉपी आहे! तरी लेड झेपेलिन जिंकले कसे?

जिंकले कारण ज्युरीला तुम्ही जे ऐकलंत ते तुलनेसाठी ऐकवलंच नाही. 'टॉरस' 1968 चं, आणि अमेरिकेत तेव्हा 1909 चा कायदा चालू होता, ज्यात रेकॉर्डिंगला किंमत नव्हती, सरकारी ऑफिसात जो नोटेशनचा कागद जमा केला तेवढंच तुमचं. अल्बमवरचा गिटारचा आवाज, ते वातावरण, तो ठहराव यातलं काहीही त्या कागदावर नाही. उरतं काय, तर ए मायनरवरून अर्ध्या अर्ध्या सुराने खाली उतरणारी बेसची ओळ, जी रॉकच्या कितीतरी आधीपासून सगळे वापरत आलेत.

2016 मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरीने मान्य केलं की जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांना 'टॉरस' ऐकायची संधी मिळालेली होती, पण कायद्याला लागतं तेवढं साम्य नाही. मधे अपिलात निकाल फिरला, 2020 मध्ये मोठ्या बेंचने पुन्हा झेपेलिनच्या बाजूने दिला आणि सुप्रीम कोर्टाने पुढे ऐकायला नकार दिला. बरं ही केस 2014 मध्ये दाखल झाली आणि गाणं 1971 चं, मग इतक्या उशिरा कशी? तर त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या एका खटल्यात सांगितलं होतं की नुसता उशीर झाला म्हणून दावा बाद होत नाही, फक्त पैसे मागच्या तीन वर्षांचेच मागता येतात. 'टॉरस' लिहिणारा रँडी कॅलिफोर्निया 1997 मध्येच गेला होता, केस केली त्याच्या ट्रस्टने.

पण म्हणून झेपेलिन धुतल्या तांदळासारखे असं कृपा करून समजू नका. 'होल लोटा लव्ह'चे शब्द मडी वॉटर्सने 1962 मध्ये गायलेल्या गाण्यातून आले, ते लिहिणाऱ्या विली डिक्सनने 1985 मध्ये केस केली, बाहेर तडजोड झाली आणि आता क्रेडिटमध्ये त्याचं नाव आहे. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड'वरही जेक होम्सचं नाव चाळीसेक वर्षांनी आलं. मला 'स्टेअरवे'पेक्षा ही दोन प्रकरणं जास्त खटकतात, कारण ब्लूजवाल्या काळ्या कलाकारांचं किंवा एखाद्या फारशा नाव नसलेल्या फोक गायकाचं गाणं घेताना क्रेडिट दिलं असतं तर काय बिघडणार होतं?

प्रश्न: स्वतःच्याच गाण्याची कॉपी केली म्हणून कुणावर केस होऊ शकते का? भांडण झालंय आमच्यात.

होऊ शकते, झालीय. जॉन फोगर्टीने क्रीडेन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलमध्ये असताना 1970 मध्ये 'रन थ्रू द जंगल' लिहिलं, त्याचे हक्क फँटसी कंपनीकडे राहिले. 1984 च्या शेवटी त्याने सोलो 'द ओल्ड मॅन डाउन द रोड' आणलं आणि फँटसीने दावा ठोकला की ही आमच्या गाण्याची कॉपी आहे. म्हणजे फोगर्टीसारखं वाजतंय, कारण फोगर्टीनेच लिहिलंय! 1988 मध्ये हा पठ्ठ्या गिटार घेऊन साक्षीदाराच्या खुर्चीत बसला, मी गाणी कशी बनवतो ते ज्युरीला वाजवून दाखवलं आणि जिंकला. वकिलांची फी दहा लाख डॉलरच्या वर गेली होती, ती वसूल करायला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि 1994 मध्ये तिथे ठरलं की अशा खटल्यांत फी देताना जिंकणाऱ्या फिर्यादीला एक न्याय आणि जिंकणाऱ्या आरोपीला दुसरा असं चालणार नाही. तुमच्यात जो कुणी "होऊ शकते" म्हणत होता तो जिंकला.

प्रश्न: काही गाण्यांवर नंतर नवीन नावं कशी येतात?

बहुतेक वेळा कोर्टाबाहेर मिटवतात. रेडिओहेडच्या 'क्रीप'वर 'द एअर दॅट आय ब्रीद' लिहिणारे अल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवूड आहेत. सॅम स्मिथच्या 'स्टे विथ मी'वर टॉम पेटी आणि जेफ लिन आले, पेटीने तर हे असं होतंच, काही राग नाही, इतक्या सहज घेतलं. उलट टोक म्हणजे द व्हर्वचं 'बिटर स्वीट सिम्फनी'. त्यांनी रोलिंग स्टोन्सच्या गाण्याच्या ऑर्केस्ट्रा व्हर्जनचं सँपल, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा तुकडाच उचलून आपल्या गाण्यात घेतला, रेकॉर्डिंगची परवानगी होती पण मूळ रचनेचे हक्क वेगळे, आणि ते कुणाकडे, तर पुन्हा आपला अ‍ॅलन क्लाइन! रिचर्ड अ‍ॅशक्रॉफ्टच्या हातून गाण्याची रॉयल्टी गेली ती 2019 मध्ये जॅगर आणि रिचर्ड्सनी हक्क परत देईपर्यंत.

प्रश्न: आमचा छोटा बँड आहे. नवीन रिफ कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतोय. रिलीज करू की नको?

आधी दोन-चार जाणत्या कानांना ऐकवा, "हे कुठलं?" असं विचारू नका, नुसतं वाजवा आणि त्यांच्या तोंडून कुठलं नाव निघतं ते बघा. सगळ्यांनी एकच नाव घेतलं तर वरची चाल बदला, कारण कॉर्ड्स सेम असल्याने सहसा काही होत नाही, चालीवरून होतं. जुने डेमो तारखेसकट ठेवा, मोबाईलवरचे खरखरीत असले तरी चालतील, गाणं टप्प्याटप्प्याने कसं झालं ते त्यातूनच दाखवता येतं. सँपल असेल तर रेकॉर्डिंग आणि रचना या दोन्हींची परवानगी घ्या.

आणि बाहेरच्यांइतकीच भीती घरातल्यांची. प्रोकोल हारमचं 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' 1967 चं, त्यातला ऑर्गन वाजवणारा मॅथ्यू फिशर 2005 मध्ये कोर्टात गेला की ती धून माझी आहे, आणि 2009 मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने रचनेतला त्याचा 40 टक्के वाटा कायम केला. तेव्हा रिलीजच्या आधी कुणाचा किती वाटा ते एका कागदावर लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या, कीबोर्डवाल्याची तर आधी.