क्लिप्ड विंग क्युब: कापड लावायच्या आधी फाइल मागवा

तुमचा प्रश्न कापडाबद्दल आहे हे मला कळलंय. १९४० ची पायपर जे-३ क्युब, म्हणजे पंखांवर कापड ताणलेलं दोन सीटचं छोटं विमान, पंख कधीतरी साठच्या दशकात कापून आखूड केलेले (म्हणून 'क्लिप्ड विंग'), बारा वर्षं कोठारात पडून, आता डावा पंख उघडा केलाय, पुढे लूप-रोल करायचं स्वप्न आहे आणि कुठल्या कंपनीचं कापड नि रंग घ्यावा हे ठरत नाहीये. पण मी अडकलो ते तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यावर: "कागदपत्रं ठीक आहेत, लॉगबुकात पंख कापल्याची एका ओळीची नोंद आहे." ती एक ओळ वाचून माझ्या पोटात गोळा आला. माझ्याही लॉगबुकात अशीच एक ओळ होती. तिने माझी जवळजवळ दोन वर्षं खाल्ली आणि पंखांचं कापड दोनदा लावायला लावलं.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. ए अँड पी, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचा आणि इंजिनाचा परवाना असलेल्या मेकॅनिकच्या देखरेखीखाली हाताने काम करणारा मालक आहे, आणि सही करणारा आयए, म्हणजे तपासून मंजुरी द्यायचा अधिकार असलेला मेकॅनिक, वेगळा होता. तेव्हा खालचं सगळं एका माणसाच्या एका विमानाचा अनुभव म्हणून वाचा. तुमच्या आयएने उलटं सांगितलं तर त्याचं ऐका, माझं नाही.

माझी क्युब १९४१ ची. घेतली तेव्हा लॉगबुकात नोंद होती की पंख कापले, "आजच्या तारखेचा फॉर्म ३३७ पाहा." हा विमानातल्या मोठ्या दुरुस्तीचा किंवा बदलाचा सरकारी फॉर्म. फॉर्मची प्रत कुठेच नव्हती. मी विचार केला, त्यानंतर इतकी वर्षं दरवर्षी अ‍ॅन्युअल इन्स्पेक्शन होत आलंय, सह्या आहेत, शिक्के आहेत, म्हणजे कुणीतरी तो फॉर्म पाहिला असणारच. हीच चूक. आधीच्या प्रत्येकाने त्याच्या आधीच्या सहीवर विश्वास ठेवला होता, आणि मी त्या रांगेत शेवटचा.

वर्षभर खपून मी दोन्ही पंख तयार केले. रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या, नीट केल्या, आतल्या ड्रॅग वायरी ताणून कर्णं जुळवली, कापड लावलं, शिवलं, रुपेरी थर दिले, पिवळा रंग मारला. पंख हँगरच्या भिंतीशी टांगून मी दोन दिवस नुसता बघत बसायचो. मग आयए आला, त्याने पंखांकडे ढुंकूनही न पाहता पहिला प्रश्न विचारला, "३३७ कुठाय?"

ओक्लाहोमा सिटीच्या एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या, नोंदणी विभागाकडे प्रत्येक एन-नंबरची, म्हणजे विमानाच्या नोंदणी क्रमांकाची, फाइल असते: मालकी हस्तांतरणाची सगळी कागदं आणि त्या विमानावर दाखल झालेले सगळे ३३७. कुणीही मागवू शकतो, थोडक्या डॉलरांत मिळते. ही गोष्ट विमान घ्यायच्या आधी करायची असते. मी पंख रंगवून झाल्यावर केली.

फाइल आली. फॉर्म होता! टाइपरायटरवर टाइप केलेला, अक्षरं थोडी वरखाली, मागच्या बाजूला कामाचं वर्णन, खाली मंजुरीची सही. मी सुटकेचा श्वास सोडला आणि वर्णन वाचायला लागलो. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की स्प्रूस लाकडाचे स्पार, म्हणजे पंखातले लांब मुख्य दांडे, मुळाकडून इतके इंच कापले, टोकाला दोन्ही बाजूंनी प्लायवूडच्या पट्ट्या चिकटवल्या. मी ती ओळ परत वाचली. मग उठलो, पंखाच्या मुळाजवळच्या इन्स्पेक्शन होलमधून हात घातला आणि पुढच्या स्पारला नखाने टकटक केलं. थंडगार अ‍ॅल्युमिनियम.

झालं काय होतं, तर युद्धाआधीच्या क्युबना लाकडी स्पार होते, नंतरच्यांना पायपरने अ‍ॅल्युमिनियमचे दिले. कुणीतरी मधल्या काळात, बहुधा ग्राउंड लूप होऊन, म्हणजे जमिनीवर विमान गर्रकन फिरून, पंख मोडल्यावर, दुसऱ्या कुठल्यातरी क्युबचे धातूच्या स्पारचे पंख आणले, तेही कापले, माझ्या विमानाला लावले आणि काहीही लिहून ठेवलं नाही. मंजुरी जळणात गेलेल्या पंखांना होती. विमानावर होते ते पंख कागदावर अस्तित्वातच नव्हते.

आणि धातूचे स्पार मी माझ्या हाताने साफ केले होते, प्रायमर मारला होता. मला ते माहीत होते. फक्त कागद काय म्हणतोय हे माहीत नव्हतं.

आता पुढची पायरी. आयए म्हणाला, कापलेलं टोक, तिथली फिटिंग, बोल्टची भोकं आणि भोकापासून कडेपर्यंतचं अंतर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणीच सही करणार नाही. इन्स्पेक्शन होलमधून आरशाने अर्धंच दिसत होतं. ब्लेड मीच घेतलं. ताणलेलं पॉलिएस्टर कापताना फर्र आवाज येत नाही, ढोलकीचं पान फाटावं तसा एकच फट्ट होतो आणि कापड दोन्हीकडे मागे पळतं. मुळाकडचे दोन बे, म्हणजे रिबांमधले गाळे, उघडे केले. एका बाजूच्या मागच्या स्पारवर एक भोक कडेच्या फार जवळ निघालं. शेजारी जुनं, सोडून दिलेलं आणखी एक भोक होतं. म्हणजे ज्याने कुणी कापलं त्याने आधी चुकीचं मोजलं होतं आणि मग दुसरं पाडलं. या सगळ्यानंतर ठिगळ लावून भागलं नाही, दोन्ही पंखांचं कापड नव्याने लावावं लागलं.

मग मंजुरीसाठी एफएएचं स्थानिक कार्यालय. नाव घेणार नाही, गावही सांगणार नाही. तुमच्या भागातलं कार्यालय वेगळं असेल आणि तिथली माणसं देवमाणसं असतील. माझ्या वाट्याला आलं ते असं: पहिल्या इन्स्पेक्टरने "मूळ डेटा" मागितला. मूळ डेटा म्हणजे काय, ज्याने पंख कापले तो कोण हेच माहीत नाही, असं लिहून कळवलं तर तीन महिने उत्तर नाही. मग तो निवृत्त झाला. दुसऱ्याने फाइल पहिल्यापासून सुरू केली, फोटो मागितले, फोटो पाठवले, आणि कागद परत आले. वर पिवळी चिठ्ठी: "कृपया स्पष्ट करा." काय स्पष्ट करा ते लिहिलंच नव्हतं! फोन केला की रेकॉर्ड केलेला आवाज. तिसरा भला माणूस होता, पण त्याने सरळ सांगितलं की अशी एकेकट्या विमानाची मंजुरी, म्हणजे फील्ड अ‍ॅप्रूव्हल, पंखाच्या स्पारसारख्या गोष्टीला तो देणार नाही. हेच वाक्य पहिल्या दिवशी मिळालं असतं तर चौदा महिने वाचले असते. नकाराचा राग नव्हता हो. नकार द्यायला चौदा महिने लागले त्याचा होता.

शेवटी सुटलं ते दुसऱ्या वाटेने. पंख आखूड करायची तयार एसटीसी असते, म्हणजे कुणीतरी आधीच ड्रॉइंग आणि हिशेब मंजूर करून घेतलेला बदल. ती रीतसर विकत घेतली. इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात: एसटीसीचं ड्रॉइंग कुठूनतरी हाती लागलं म्हणजे ती वापरता येते असं नाही, एसटीसीच्या मालकाचं लेखी परवानगीपत्र लागतं. मग आयएने पंख ड्रॉइंगशी इंच इंच ताडून पाहिले. जिथे जुळलं नाही, म्हणजे ते कडेजवळचं भोक, तिथे एका डीईआरने, म्हणजे एफएएने असे हिशेब मंजूर करायला नेमलेल्या खाजगी इंजिनिअरने, दुरुस्तीचा हिशेब करून मंजूर डेटा दिला. त्याचे पैसे गेले, पण तीन आठवड्यांत काम झालं. माझं मत, आणि हे फक्त मत आहे: मंजुरीच्या कामात गोंधळ दिसला की कार्यालयाच्या दारात जायच्या आधी डीईआरला फोन करा. पैसे जातात, वय जात नाही.

तर तुम्ही उद्या सकाळी पहिलं काम करा, फाइल मागवा. ती येईपर्यंत कापडाचा गठ्ठा उघडूही नका. डावा पंख उघडाच आहे हे तुमचं नशीब. मुळाकडच्या चारही स्पार-टोकांचे मोजपट्टी लावून फोटो काढा, भोकांच्या जवळून, पट्टीवरचे आकडे वाचता येतील असे. उजव्या पंखाचं कापडही काढाच, एकीकडे नीट कापलंय म्हणून दुसरीकडेही नीट असेल असं समजू नका.

स्पार लाकडी निघाले तर आणखी एक. स्प्रूसमधली कम्प्रेशन क्रॅक समोरून टॉर्च मारून दिसत नाही. प्रकाश स्पारला जवळजवळ समांतर, आडवा टाकायचा. रेषांच्या काटकोनात केसासारखी बारीक सुरकुती दिसली तर तो स्पार संपला, त्यावर वाद घालू नका. आणि व्हार्निश इपॉक्सीचं घ्या, साधं स्पार व्हार्निश कापडाच्या गोंदातल्या सॉल्व्हंटने उठतं.

स्ट्रटबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, म्हणून मीच विचारतो. पायपरच्या लिफ्ट स्ट्रटवर, म्हणजे पंखाला खालून टेकू देणाऱ्या तिरक्या दांड्यांवर, एडी आहे, म्हणजे एफएएचा सक्तीचा सुरक्षा आदेश, आतून गंजतात म्हणून दर २४ महिन्यांनी तपासणी, नाहीतर सीलबंद स्ट्रट लावा. साध्या क्युबवाल्यांना सोपं आहे, तयार सीलबंद जोडी घेऊन मोकळे होतात. पंख मुळाकडून कापले की स्पारवरची स्ट्रटची जागा आत सरकते आणि स्ट्रटही आखूड करावे लागतात. त्यामुळे ती तयार जोडी आपल्याला लांबीला बसत नाही. तुमचे आखूड केलेले स्ट्रट कुणी, कसे, कुठल्या कागदावर केले तेही त्याच फाइलमध्ये शोधा. स्ट्रटच्या टोकाच्या फोर्कचे आटे पण बघा.

लूप आणि रोलच्या तुमच्या स्वप्नाबद्दल दोन शब्द, थोडं पाणी ओतणारे. पंख कापले म्हणून विमान आपोआप अ‍ॅरोबॅटिक होत नाही. काय करायची परवानगी आहे ते मंजुरीच्या कागदात आणि ऑपरेटिंग लिमिटेशनमध्ये लिहिलेलं असतं, तेवढंच. मूळ पंखाचं क्षेत्रफळ १७८.५ चौरस फूट. दोन्हीकडून मिळून पावणेसात फूट गेले आणि पंखाची रुंदी सव्वापाच फूट धरली, तर साधारण ३५ चौरस फूट उडाले. त्याच वजनाला स्टॉल स्पीड, म्हणजे ज्याच्याखाली पंख विमान पेलत नाहीत तो वेग, ११-१२ टक्क्यांनी वाढतो. विमान बाजूला कलवणारे पंखावरचे हलते भाग, म्हणजे एलरॉन, मात्र तेवढेच राहतात, म्हणून रोल झकास होतो आणि लोक प्रेमात पडतात. पण ग्लाइड बघून पहिल्यांदा घाम फुटतो. ६५ हॉर्सपॉवरवर उन्हाळ्यात दोघांना घेऊन ती चढते असं म्हणण्यापेक्षा विचार करते असं म्हणावं. शिवाय फ्लोटचा कार्ब्युरेटर आहे, उलटं धरलंत की इंजिन गप्प. दुसरा माणूस बरोबर असेल तर ६० अंशांपलीकडे विमान बाजूला कलवायला दोघांनाही पॅराशूट लागतं, आणि ते दर १८० दिवसांनी नव्याने घडी करून घ्यावं लागतं. हौस असेल तर डलेस विमानतळाजवळच्या स्मिथसोनियनच्या उडवार-हेझी केंद्रात जाऊन 'लिटल बुच' बघून या. वुडी एडमंडसनची आखूड पंखांची मोनोकूप आहे. ती बघितली की कळतं, आपल्याकडे तिच्यासारखं इंजिन नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, कापड. सगळी पॉलिएस्टरच आहेत. एक सिस्टिम निवडा आणि गोंदापासून शेवटच्या थरापर्यंत तीच वापरा, एकाचा गोंद नि दुसऱ्याचा रंग असं करू नका. मंजुरीही त्या पूर्ण सिस्टिमला असते. माझी इस्त्रीची गोष्ट सांगतो: डायलवर ३०० लिहिलं होतं, थर्मामीटरने मोजलं तर ३४० निघालं. शेवटचा ताण ३५० अंश फॅरनहाइटला द्यायचा असतो, त्यापलीकडे गेलात तर कापड आवळायचं सोडून ढिलं पडायला लागतं. इस्त्री मोजून घ्या, आणि मधेमधे परत मोजा. रंग पातळ मारा. दुसऱ्या वेळी मी कंटाळून दोन थर कमी दिले, आणि वजन केलं तेव्हा तेच शहाणपण ठरलं.

फाइल आली की आधी ३३७ मध्ये स्पारचं काय लिहिलंय ते बघा, लाकूड की धातू. मग पंखाला नखाने वाजवून बघा आणि इथे कळवा.