जुन्या लेन्सला अडॅप्टर लावून मॅक्रो काढला तर क्वालिटी जाते का?

तुमचा प्रश्न असा: सोनी ए६४०० कॅमेरा आहे, निकॉनची जुनी ५५ मिमी एफ २.८ मायक्रो (मॅक्रोला, म्हणजे बारीक वस्तू अगदी जवळून काढायला, निकॉन मायक्रो म्हणतं) स्वस्तात मिळतेय, ती अडॅप्टर लावून वापरू, की पैसे साठवून नवी ऑटोफोकसवाली ९० मॅक्रो घेऊ? आणि अडॅप्टरने क्वालिटी जाते हे खरं का?

शेवटचं आधी. साफ खोटं. निकॉनच्या लेन्सला सेन्सरपासून ४६.५ मिमी अंतर लागतं, सोनीच्या माउंटचं (लेन्स अडकवायच्या जागेचं) १८ मिमी आहे. मधले २८.५ मिमी भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे तुमचा अडॅप्टर. आत काचच नाही, तर क्वालिटी जाणार कुठून? 'अडॅप्टरने क्वालिटी जाते' हे वाक्य मी गेली चार वर्षं आमच्या भाऊजींच्या तोंडून ऐकतोय, म्हणून लिहायला बसलो.

माझी ५५ मामाची. त्याचा चिपळूणला स्टुडिओ होता. गावोगावचे लोक आजोबांचा पिवळा पडलेला, कोपरे झडलेला फोटो घेऊन यायचे आणि ही लेन्स त्याची कॉपी काढायची. तिचं खानदानच ते. पहिली मायक्रो निकॉर १९५६ साली आली ती जपानी अक्षरांच्या मायक्रोफिल्मसाठी. मामा गेल्यावर लेन्स माझ्याकडे आली. भाऊजींनी ती त्यांच्या निकॉन डीएसएलआरला (आरशाच्या कॅमेऱ्याला) लावून पाहिली. एफ ८ ला फोटो पांढरे फटक. दुरुस्तीवाला म्हणाला, पात्यांवर (उजेडाचं भोक लहानमोठं करतात ती) तेल आलंय, खर्च लेन्सच्या किमतीएवढा होईल. भाऊजी म्हणाले, "अरे, भंगारात दे आता." मामाची लेन्स. भंगारात!

तेल आलं होतं हे खरं, या मॉडेलचं ते जुनंच दुखणं आहे. पण डीएसएलआरमधला दांडा पाती उघडी धरतो आणि क्लिकच्या क्षणी सोडतो. तेलकट पाती तेवढ्यात मिटत नाहीत, म्हणून जास्तीचा उजेड. साध्या अडॅप्टरमध्ये दांडाच नसतो. लेन्सवरची रिंग एफ ८ वर फिरवली की पाती आपल्या सवडीने एफ ८ वर येतात, फोटो त्यानंतर निघतो. म्हणजे भंगार ठरलेली लेन्स तुमच्या सोनीसारख्या मिररलेसवर (बिनआरशाच्या कॅमेऱ्यावर) बिनतक्रार चालते. हे मी भाऊजींना कागदावर चित्र काढून सांगितलं. ते "हं" म्हणाले.

मग गणपतीत ताईकडे जमलो होतो. तिच्या बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर फुलपाखराने अंडी घातलेली. फिकट पिवळा मणी, जेमतेम एक मिलिमीटर. भाऊजींनी त्यांची ९० मॅक्रो काढली, मी मामाची ५५ आणि पीके-१३ ही २७.५ मिमीची रिंग. (५५ एकटी वस्तू सेन्सरवर अर्ध्या आकारापर्यंतच आणते, रिंग मध्ये लावली की एकास एक, म्हणजे खऱ्या आकाराएवढी.) वाऱ्याने पान हलत होतं. भाऊजींचा ऑटोफोकस पुढे जाई, मागे येई, पुन्हा पुढे. मी कोपर कठड्याला टेकवून श्वास धरला आणि अंगच सुताभराने पुढे नेलं. एक अंडं काळपट झालं होतं, आतून कवच कुरतडलं जात होतं. भोकातून आधी डोकं आलं, मग केसाळ, ओली अळी. बाहेर आल्यावर ती वळून आपलंच कवच खायला लागली. आरतीला हाका मारत होते, आम्ही दोघंही गेलो नाही.

माझे चाळीसातले सहा फोटो शार्प आले. भाऊजींचे किती, ते त्यांना विचारा.

आता तुमच्या कामाचं. कॅमेऱ्यात लेन्सशिवाय शटर चालू द्यायची सेटिंग ऑन करा, नाहीतर क्लिकच होणार नाही. फोकस पीकिंगवर (शार्प कडा रंगवून दाखवतं ते) विसंबू नका, एकास एकला ते बिनधास्त खोटं बोलतं. स्क्रीनवरचं चित्र मोठं करून बघा. एफ ५.६ ते ८ पुरे. एकास एकला एफ ८ चा उजेड एफ १६ एवढाच उरतो, त्यापुढे गेलात की फोटो मऊ पडतो. म्हणजे फ्लॅश लागणारच. मी पार्सलच्या डब्याचं दुधी झाकण फ्लॅशपुढे चिकटवतो. फ्लॅश लावल्यावर लाइव्ह व्ह्यूचा 'सेटिंग इफेक्ट' ऑफ करा, नाहीतर स्क्रीन काळी दिसेल. आणि अडॅप्टर अगदीच स्वस्त घेऊ नका. माझा पहिला एवढा डुगडुगायचा की फोकसला हात लावला की फ्रेम सरकायची.

हो, एक राहिलं. एकास एकला ५५ च्या तोंडापासून पान पाच-सहा सेंटीमीटरवर असतं. लेन्सचीच सावली पडते, बसलेलं फुलपाखरू तर उडतंच. फुलपाखरं, चतुर काढायचे असतील तर ९० घ्या, तिथे भाऊजी बरोबर आहेत. आंबोलीला चापड्यासमोर (विषारी साप आहे तो) ५५ घेऊन तर मुळीच वाकू नका. तुमच्या ए६४०० च्या बॉडीत स्टॅबिलायझेशनही नाही, तेव्हा हात थरथरत असेल तर विचार करा.

घेताना लेन्सवरची रिंग एफ ३२ पर्यंत फिरवून पाती मिटतात का ते पाहा. उशिरा मिटली तर चालेल, मिटलीच नाहीत तर सोडून द्या. टॉर्च मारून बुरशीही बघा, कोकणातून आलेली असेल तर दोनदा. आणि माझी विकायची नाही. गेल्या महिन्यात भाऊजींनीही विचारून झालंय.