मागे राहिलेल्याची जबाबदारी कोणाची? – डोंगरवाटांवरच्या सायकलस्वारांचे प्रश्न

माउंटन बायकिंगविषयी आलेल्या पत्रांमध्ये या वेळी सायकलींपेक्षा सोबत्यांविषयीचे प्रश्न अधिक आहेत. त्यातील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमचा आठ-नऊ जणांचा गट रविवारी पहाटे निघून पुण्याच्या आसपासचे कच्चे रस्ते आणि घाटवाटा धुंडाळतो. चढावर मी सर्वांत सावकाश असतो. पुढचे सारे माथ्यावर पोहोचून विसावा घेतात आणि मी धापा टाकत वर आलो, की ‘चला, आला एकदाचा’ असे म्हणून लगेच निघतात. फाट्यावर वाट चुकून मी भलत्याच वाडीत गेलो, असेही घडले आहे. बोलून दाखवले तर रसभंग होईल, असे वाटते. काय करावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बोलून दाखवावे, आणि ते माथ्यावर दमलेल्या अवस्थेत न बोलता निघण्यापूर्वी, सगळे टायरमधली हवा तपासत उभे असतात तेव्हा बोलावे. आपल्या गटात जे घडते ते बहुतेक गटांत घडते आणि त्यामागे दुष्टावा नसतो; पण परिणाम असा होतो, की ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज आहे त्यालाच ती मिळत नाही, आणि दमलेला माणूस पुढच्या उतारावर ब्रेक उशिरा दाबतो. म्हणून विसावा शेवटचा माणूस पोहोचल्यापासून मोजावा आणि ‘निघू या’ हा शब्द त्यानेच उच्चारावा, एवढा एक नियम आपण गटाकडून कबूल करून घ्यावा.

वाट चुकण्यावरचा उपाय याहून सोपा आहे आणि त्याला मोबाइलची रेंज लागत नाही. प्रत्येक फाट्यावर प्रत्येक स्वाराने आपल्या मागचा माणूस योग्य वाटेला वळताना दिसेपर्यंत थांबायचे, मगच पुढे जायचे. असे केले म्हणजे पुढच्या म्होरक्याला सगळ्यांची चिंता करावी लागत नाही. प्रत्येकाने फक्त एकाची चिंता करायची असते आणि तरीही साखळी कोठेच तुटत नाही. याच्या जोडीला सर्वांत मागे एक अनुभवी माणूस असावा, ज्याला ट्रेकिंगवाले ‘स्वीप’ म्हणतात. त्याने कोणत्याही कारणाने कोणालाही मागे टाकून पुढे जायचे नाही, पंप आणि प्रथमोपचाराचे साहित्य त्याच्याजवळ असायचे, आणि हे काम पाळीपाळीने फिरत राहायचे. एरवी पहिल्या क्रमांकाने चढणाऱ्या स्वाराला अधूनमधून हे काम अवश्य द्यावे, कारण चढ मागून कसा दिसतो हे त्याला तेव्हाच कळते. पावसाळ्यात मावळातल्या घाटमाथ्यावर धुके उतरले, की वीस पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो. तेव्हा थांब्यावर डोकी मोजण्याचा कंटाळा करू नये.

सावकाश चालवणाऱ्याचीही काही कर्तव्ये आहेत. दमलो असता ‘ठीक आहे’ म्हणू नये. परत फिरायचे असेल तर सांगितल्याशिवाय फिरू नये, कारण आपण घरी सुखरूप पोहोचून चहा घेत असताना बाकीचे आपल्याला दरीत शोधत असतात. हात थरथरू लागले, अंगाला गार घाम सुटला, विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर जाऊ लागले, तर शरीरातील साखर उतरली असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी चिक्की, केळे किंवा गूळ-शेंगदाणे खाऊन चांगली पंधरा मिनिटे बसावे आणि सोबत्यांनी त्याला बसू द्यावे.

प्रश्न : वाटेत कोणाची सायकल बिघडलेली दिसली, की थांबावेसे वाटते, परंतु मला दुरुस्तीचे फारसे ज्ञान नाही. एक ज्येष्ठ स्वार म्हणतात, की डोंगरात ज्याने त्याने स्वयंपूर्ण असले पाहिजे, इतरांच्या जिवावर राहू नये. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का? आणि मदत करायचीच तर जवळ काय बाळगावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ज्येष्ठांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे आणि त्याला परंपरेचा आधारही आहे. क्रॉस-कंट्री, म्हणजे चढ-उतारांच्या कच्च्या वाटांवरील शर्यतींत सुरुवातीच्या काळात बाहेरची तांत्रिक मदत घेता येत नसे. पंक्चर झाले तर स्वाराने ते स्वतःच काढायचे, असा दंडक होता. पण या खेळाचा जन्म एकट्यादुकट्याने झालेला नाही, हेही तितकेच खरे. कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत १९७६ साली ‘रिपॅक’ नावाची उताराची शर्यत सुरू झाली, तेव्हा तेथील मंडळी जुन्या, वजनदार सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडत. मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे, की हबमधील (चाकाच्या मध्यभागातील) ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. शर्यतीचे नावही त्यावरूनच पडले. घड्याळ लावून एकमेकांशी झुंजणारे हेच लोक एरवी एकमेकांच्या सायकली जोडत होते. जो ब्रीझ याने खास या कामासाठी फ्रेम बांधायला घेतली ती चार्ली केली याच्या सांगण्यावरून, आणि पुढे केली व गॅरी फिशर यांनी धंदा उभारला तो टॉम रिची याने बांधलेल्या फ्रेमवर. इंग्लंडमध्ये तर त्याच्याही आधी, १९५५ साली, खडबडीत वाटांवर साध्या सायकली नेणाऱ्यांनी ‘रफ स्टफ फेलोशिप’ नावाची संघटनाच काढली होती. तेव्हा माझे मत असे, की स्वयंपूर्ण असावे ते इतरांवर भार पडू नये म्हणून, आणि वेळ आली तर दुसऱ्याच्या उपयोगी पडता यावे म्हणूनही.

आता सामानाविषयी. ट्यूब घेताना ‘माझ्या सायकलीला बसते ना’ एवढाच विचार करू नये. आपल्याकडे २६, २७.५ आणि २९ इंची अशी तिन्ही मापांची चाके वाटेवर भेटतात. २६ इंची ट्यूब अडीअडचणीला ताणून मोठ्या चाकात बसवता येते आणि घरापर्यंत नेते. मोठी ट्यूब लहान चाकात घातली तर तिला घड्या पडतात. व्हॉल्व्हचेही तसेच आहे. मोटारसायकलसारखा जाड श्रेडर व्हॉल्व्ह बारीक छिद्राच्या रिममधून जात नाही, उलट बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह बहुतेक रिममध्ये चालवून घेता येतो. म्हणून मदतीसाठी ठेवायची ट्यूब प्रेस्टा व्हॉल्व्हची असावी आणि जाड व्हॉल्व्हच्या पंपानेही हवा भरता यावी म्हणून सोबत पितळी अडॅप्टर ठेवावा. तो नखाएवढा असतो. तुटलेली चेन जोडणारी कडी, म्हणजे क्विक लिंक, मात्र गिअरच्या संख्येप्रमाणे बदलते, ११ स्पीडची लिंक १२ स्पीडच्या चेनला लावू नये. दोन-तीन प्रकारच्या लिंक एका छोट्या डबीत सहज मावतात.

ज्ञान कमी असेल तर पुढील एक गोष्ट नीट शिकून घ्यावी, तेवढीही पुष्कळ झाली. पंक्चर काढताना घाईघाईने नवी ट्यूब घालतात आणि दहा मिनिटांत तीही पंक्चर होते, कारण बाभळीच्या काट्याचे टोक टायरमध्येच मोडून राहिलेले असते. बाहेरून ते दिसत नाही. टायरच्या आतून बोटे अगदी हलक्या हाताने, सावकाश, पूर्ण गोल फिरवावीत. टोक बोटाला लागते, ते आतून बाहेर ढकलून किंवा चिमट्याने ओढून काढावे. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालण्याची वेळ आली तर ही तपासणी अधिकच महत्त्वाची ठरते, कारण सीलंटने (टायरमधील भोके बुजवणाऱ्या द्रवाने) बुजवलेले जुने काटे तेथे डझनावारी रुतलेले असू शकतात आणि ट्यूब घालताच ते सगळे एकदम आपले काम दाखवतात. टायरची कड फाटली असेल तर टूथपेस्टच्या रिकाम्या नळीचा कापून ठेवलेला तुकडा आतून लावावा म्हणजे ट्यूब बाहेर फुगत नाही. मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) आपटून त्याचा हँगर, म्हणजे तो ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा, वाकला असेल तर स्वाराला एवढे अवश्य सांगावे, की सर्वांत हलक्या गिअरवर जाऊ नये. डिरेलर आऱ्यांत अडकला तर चाकही जाते आणि स्वारही पडतो.

यापैकी काहीच जमत नसले, तरी थांबावे. पुढच्या गावापर्यंत निरोप पोहोचवणे, पाणी देणे, उन्हात नुसते सोबतीला उभे राहणे ही मदत लहान नव्हे.

प्रश्न : मी चढावर पाणी प्यायला जरी थांबले, तरी कोणी ना कोणी येऊन सायकल हातातून घेते, सीटची उंची बदलते, गिअर कसा टाकावा हे सांगू लागते. हेतू चांगला असतो हे मान्य आहे, पण आता थांबायचीच भीती वाटते. हे थांबवावे कसे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपले पत्र मी मुद्दाम सविस्तर छापले आहे, कारण ते मदत करणाऱ्यांनी वाचायला हवे. जवळून जाताना वेग कमी करावा, ‘सगळे ठीक आहे ना? काही हवे आहे का?’ असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. ‘ठीक आहे’ असे उत्तर आले, की नमस्कार करून पुढे जावे. अपवाद फक्त दुखापतीचा. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या ‘मी ठीक आहे’ या शब्दांवर विसंबू नये. दुसऱ्याच्या सायकलीला विचारल्याशिवाय हात लावू नये. सीटची उंची अर्ध्या इंचाने बदलली तरी गुडघे दुखू शकतात, आणि ती उंची सायकलीच्या मालकिणीने कदाचित महिनाभर प्रयोग करून ठरवलेली असते. मदत मागितली गेली, तरीही पाना शक्यतो मालकिणीच्याच हातात ठेवावा आणि आपण शेजारी बसून सांगावे. वेळ थोडा जास्त लागतो, पण पुढच्या वेळी ती स्वतः चेन जोडते, आणि त्यानंतर दुसऱ्या कोणाची तरी.

आपण स्वतः ‘धन्यवाद, मी फक्त पाणी पीत आहे’ एवढे सांगून सायकलीवरचा हात काढू नये. यात उद्धटपणा मुळीच नाही.

प्रश्न : माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीने एका स्थानिक शर्यतीत पुढे असताना पडलेल्या प्रतिस्पर्धी मुलीसाठी सायकल थांबवली आणि तिचा क्रमांक गेला. प्रशिक्षक रागावले. आम्ही तिला काय सांगावे?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : तिने योग्य केले, हे तिला निःसंदिग्ध शब्दांत सांगावे, आणि प्रशिक्षकांसमोर सांगावे.

त्यानंतर नियम समजावून द्यावेत, कारण येथे दोन गोष्टींची गल्लत होते. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमांनुसार क्रॉस-कंट्री शर्यतीत तांत्रिक मदत ठरवून दिलेल्या टप्प्यांतच घेता येते. त्या बाहेर एकाच संघाचे स्वार तेवढे एकमेकांना मदत करू शकतात. म्हणजे दुसऱ्या संघाच्या मुलीला चालू शर्यतीत आपली ट्यूब दिली, तर चांगल्या हेतूने दोघीही अडचणीत येऊ शकतात. स्थानिक शर्यतीचे नियम वेगळे असू शकतात, ते आधी वाचून ठेवावेत. जखमी माणसाला पाहणे ही मात्र तांत्रिक मदत नव्हे. पडलेली मुलगी बोलत नसेल, हात हलवत नसेल, किंवा वळणानंतर अशा जागी पडली असेल की मागून येणारे तिच्यावर आदळतील, तर थांबलेच पाहिजे. तिच्याजवळ आधीच कोणी असेल, तर न थांबता पुढच्या स्वयंसेवकाला तिचा क्रमांक आणि जागा ओरडून सांगणे, हीच खरी मदत असते.

दक्षिण आफ्रिकेतील ‘केप एपिक’ या अनेक दिवसांच्या शर्यतीत स्वारांना जोडीने उतरावे लागते आणि दोघांत दोन मिनिटांहून अधिक अंतर पडलेले चालत नाही. जोडीदार दमला तर त्याच्याबरोबर हळू व्हायचे, हे तेथे शर्यतीचेच अंग आहे. आपल्या मुलीच्या अंगी तो गुण आहेच. प्रशिक्षकांनी त्यावर राग काढण्याऐवजी आयोजकांकडे उतारावर अधिक स्वयंसेवक नेमण्याचा आग्रह धरावा.

प्रश्न : लोणावळ्याहून राजमाचीला जाताना सोबत्याचा अपघात झाला तर पहिल्या काही मिनिटांत नेमके काय करावे?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीपर्यंतच्या त्या दगडधोंड्यांच्या वाटेवर रेंज येत-जात राहते आणि गाडी सावकाशच येऊ शकते, हे धरून चालावे. सर्वप्रथम एकाने वळणाच्या वरच्या बाजूला जाऊन मागून येणाऱ्यांना थांबवावे. त्यानंतर जखमीकडे वळावे, सायकलीकडे सर्वांत शेवटी. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील तर त्याला हलवू नये, आणि श्वासाला अडथळा होत नसेल तर हेल्मेट काढू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, दर मिनिटाला उचलून पाहू नये. खांद्याचे हाड मोडल्याचा संशय असेल तर जुन्या ट्यूबची झोळी करून हात गळ्यात अडकवावा. तोच तोच प्रश्न पुन्हा विचारणे, उलटी, गुंगी यांपैकी काहीही दिसले, तर तो कितीही म्हणाला तरी त्याला त्या दिवशी सायकलीवर बसू देऊ नये.

रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि अन्य तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. रेंज शोधायला जाणाऱ्याने जागेची खूण, जखमीची अवस्था आणि सोबत किती जण आहेत हे कागदावर लिहून न्यावे, कारण धांदलीत तोंडी निरोप बदलतो. जखमीला एकटे सोडू नये; म्हणून अशा वाटेवर किमान तिघांनी जावे, म्हणजे एक जवळ राहतो आणि एक मदत आणतो. जवळ वाडी असेल तर आधी तेथे जावे. वाट, गाडीची सोय आणि पावसात कोणता ओढा अडवेल याची माहिती गावकऱ्यांइतकी कोणालाच नसते. त्यांच्या गुरांना पाहून एरवी आपण वेग कमी केलेला असावा, वाटेतले कवाड उघडले तसे लावलेले असावे आणि चढून येणाऱ्याला उतरणाऱ्याने वाट दिलेली असावी. डोंगरातील सोबत्यांमध्ये मी त्यांनाही धरतो.