गाडी तयार आहे, पण ती विकत कोण घेणार?

प्रश्न : नागपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. आमच्या संघाने फॉर्म्युला स्टुडंट या, विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या छोट्या रेसकारच्या स्पर्धेसाठी विजेवर चालणारी गाडी बांधली असून या वर्षी तिच्यातल्या एका फेरीत बिझनेस प्लॅन, म्हणजे ती गाडी बनवून विकण्याच्या धंद्याची योजना, सादर करण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. गेल्या वर्षी संघाने वीस स्लाइड केल्या होत्या. त्यांपैकी बारा गाडीच्या रचनेविषयी होत्या. बाजारपेठ म्हणून देशातील वाहन उद्योगाची एकूण उलाढाल दाखवली होती आणि तिचा एक टक्का हिस्सा मिळवू, असे म्हटले होते. गुण फारच कमी मिळाले. नेमके कुठे चुकले आणि सुरुवात कुठून करावी?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : तुमच्या पत्रातच अर्धे उत्तर आलेले आहे. वीसपैकी बारा स्लाइड गाडीच्या रचनेवर खर्च झाल्या, आणि या फेरीत रचनेला गुणच नसतात. एकूण १००० गुणांच्या या स्पर्धेत रचनेची फेरी १५० गुणांची, खर्चाची १०० गुणांची आणि बिझनेस प्लॅनची ७५ गुणांची असते. रचनेविषयी जे सांगायचे ते त्या १५० गुणांच्या फेरीत सांगायचे असते. बिझनेस प्लॅनच्या खोलीत बसलेले परीक्षक गुंतवणूकदाराच्या भूमिकेत असतात, आणि प्रत्यक्ष गाडी किती चांगली बांधली आहे हे तिथे विचारात घेऊ नये, असे जर्मनीत होणाऱ्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेच्या नियमपुस्तिकेत स्पष्ट म्हटलेले आहे. मात्र योजना त्याच गाडीवर आधारलेली असावी लागते. म्हणजे गाडी हा माल आहे, आणि तुम्हाला त्या मालाचा व्यवहार पटवून द्यायचा आहे.

ही स्पर्धा अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात १९८१ साली सुरू झाली तेव्हापासून तिच्यामागची कल्पना अशी की, एका काल्पनिक कंपनीला शनिवार-रविवारी हौसेने शर्यत खेळणाऱ्या चालकांसाठी छोटी रेसकार बनवायची आहे आणि तिचा नमुना विद्यार्थ्यांनी तयार करायचा आहे. अमेरिकेत हा हौशी चालक खरोखर अस्तित्वात आहे. मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून तो गाडी पळवतो. बहुतेक संघ तोच ग्राहक जसाच्या तसा उचलतात आणि आपल्याकडच्या स्लाइडवर चिकटवतात. तुम्ही तसे करू नका. नागपुरातील एखाद्या हौशी माणसाने तुमची गाडी घेतली, तर तो ती कुठे चालवणार, हे आधी पाहा. नोंदणी नसलेली रेसकार रस्त्यावर आणता येत नाही. देशातले मोठे ट्रॅक म्हणजे कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील ट्रॅक आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट. या माणसाला गाडीबरोबर ट्रेलर, मेकॅनिक आणि टायरचे जादा संच घ्यावे लागतील आणि कोइम्बतूरला जायचे तर प्रत्येक वेळी एका बाजूचाच हजाराहून अधिक किलोमीटरचा प्रवास करावा लागेल. असे ग्राहक देशात किती मिळतील? मला वाटते, फार थोडे.

म्हणून गाडी जिथे आधीपासून ट्रॅक आहे तिथे विकण्याचा विचार करा. ड्रायव्हिंग शिकवणारी अकादमी किंवा ट्रॅक चालवणारा व्यावसायिक चार गाड्या घेऊन त्या फेऱ्यांच्या हिशेबाने भाड्याने देऊ शकतो. हा ग्राहक भावनेने खरेदी करत नाही, त्यामुळे त्याच्या बाजूने गणित मांडता येते. समजा, गाडीची किंमत १२ लाख रुपये ठेवली. एका सत्राचे, म्हणजे ठरावीक फेऱ्यांचे, भाडे ३,००० रुपये, आणि टायर, चार्जिंग, देखभाल, माणसांचा पगार वजा जाता हातात १,२०० रुपये उरतात. मग गाडीचे पैसे फिटायला १,००० सत्रे लागतील. एका गाडीची आठवड्याला दहा सत्रे झाली, तर शंभर आठवडे, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे. हे आकडे केवळ नमुन्याचे आहेत, तुमचे वेगळे येतील. पण हे गणित ज्या संघाने ग्राहकाच्या वतीने करून दाखवले, त्याला परीक्षक लगेच ओळखतात. दुसरा संभाव्य ग्राहक तुमच्या शेजारीच आहे. विजेच्या गाड्यांचे तंत्र शिकवण्यासाठी अभियांत्रिकी महाविद्यालयांना प्रयोगशाळेत उघडून पाहता येईल अशी पूर्ण गाडी उपयोगी पडेल. या दोन्हींपैकी एकच निवडा. दोन्ही अर्धवट मांडले, तर सादरीकरणाच्या दहा मिनिटांत एकही पटत नाही.

एक टक्क्याच्या हिशेबाविषयी थोडे कठोर बोलतो. वाहन उद्योगाच्या उलाढालीत मोटारसायकल, ट्रॅक्टर आणि मालवाहू ट्रक येतात. तुमच्या गाडीचा त्यांच्याशी संबंध नाही. बाजाराचा अंदाज खालून वर बांधावा. देशात कार्टिंगचे आणि शर्यतीचे ट्रॅक किती, त्यांतल्या किती जणांना तुम्ही स्वतः फोन केला, किती जण बोलायला तयार झाले, आणि गाडी किती किमतीपर्यंत परवडेल असे ते म्हणाले, हे एका तक्त्यात लिहा. पंधरा फोन केले आणि तिघांनीच रस दाखवला, तरी तो आकडा अब्जावधी रुपयांच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा मोलाचा आहे. नागपूरच्या इतवारी बाजारातला ठोक व्यापारी उधारीवर माल देण्यापूर्वी दोनच गोष्टी विचारतो, माल कोणाला जाणार आणि पैसा कधी येणार. परीक्षकही शेवटी तेच विचारतात.

आता खर्च. तुमच्या गाडीत प्रायोजकाने दिलेली मोटर असेल, नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एखाद्या कारखान्याने ओळखीखातर केलेले लेझर कटिंग असेल, आणि रात्री जागून केलेले वेल्डिंग तर नक्कीच असेल. उत्पादनाचा खर्च काढताना यातले काहीही फुकट धरता येणार नाही. प्रत्येक भागाचा बाजारभाव आणि प्रत्येक तासाची मजुरी लावा. खर्चाच्या फेरीसाठी तुमच्या संघातील दुसऱ्या कोणी भागांची सविस्तर यादी केलेली असेलच. ती नमुन्याच्या एका गाडीची असते आणि तुमची योजना वर्षभराच्या उत्पादनाची, त्यामुळे आकडे सारखे असणार नाहीत. परंतु ते वेगळे का आहेत, हे तुम्हाला सांगता आले पाहिजे. एकाच संघाने दोन खोल्यांत दोन निराळ्या किमती सांगितल्या आणि त्यांच्यामधला दुवा कोणालाच ठाऊक नव्हता, तर विश्वास उडतो तो तिथेच.

वर घेतलेली १२ लाखांची किंमत पुढे चालवू. समजा, एका गाडीचा बदलता खर्च, म्हणजे सुटे भाग आणि मजुरी असा प्रत्येक गाडीमागे होणारा खर्च, ९ लाख आणि जागा, पगार, यंत्रे, विमा असा वर्षाचा स्थिर खर्च ९० लाख आहे. प्रत्येक गाडीमागे ३ लाख उरतात, म्हणून ना नफा ना तोटा अशी स्थिती तिसाव्या गाडीला येते. बॅटरीचे सेल महागले आणि बदलता खर्च ५० हजारांनी वाढला, की तीच स्थिती छत्तिसाव्या गाडीला येते. हे दुसरे वाक्य स्वतःहून सांगा, विचारण्याची वाट पाहू नका; ज्याला आपल्या धंद्याची दुखरी नस ठाऊक आहे, त्याच्याकडे पैसे देणारा अधिक निश्चिंतपणे पाहतो. याच जागी खेळत्या भांडवलाचा हिशेब यावा. एका वेळी सहा गाड्या बांधणीत असतील, तर ५४ लाख रुपये त्यांत अडकतात. ग्राहकांकडून ४० टक्के आगाऊ घेतले तर २८ लाख ८० हजार हाती येतात, आणि उरलेले २५ लाख २० हजार कुठून येणार याचे उत्तर योजनेत असावे लागते. नफ्याच्या तक्त्यात ही रक्कम दिसत नाही. कागदावर नफ्यात असलेले कारखाने बंद पडतात ते बहुधा याच रकमेमुळे, आणि विद्यार्थ्यांच्या योजनांमध्ये नेमकी हीच रक्कम विसरलेली असते.

शेवटी गुंतवणूकदाराकडे करायची मागणी स्पष्ट करा. किती रक्कम हवी, ती कशावर खर्च होईल, बदल्यात किती हिस्सा देणार आणि गुंतवणूकदाराचे पैसे कधी व कसे परत येणार, एवढे एका स्लाइडवर यावे. तुम्ही उतरणार त्या स्पर्धेची नियमपुस्तिका मात्र स्वतः वाचा, कारण काही स्पर्धांत आधीच जाहीर केलेल्या एखाद्या विषयावर योजनेत सविस्तर मांडणी करावी लागते आणि ती राहून गेली, तर बाकी सारे चांगले असूनही गुण जातात.

प्रश्न : माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झाले. फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत बिझनेस प्लॅनच्या सादरीकरणासाठी संघाने मला निवडले आहे, कारण हिशेब मी केला आहे. पण इंग्रजीत बोलताना अडखळतो. दुसऱ्या कोणाला बोलू द्यावे का?
— एक विद्यार्थी, हिंगणा

उत्तर : बोलायला दुसरा कोणी पुढे आला, तरी प्रश्नोत्तरांत आकड्यांवर उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल, म्हणून तुम्ही मंचावर असलेच पाहिजे. एकाहून अधिक सदस्यांना बोलण्याची मुभा असते. ग्राहक आणि बाजार जोडीदाराकडे द्या, हिशेब आणि मागणी स्वतःकडे ठेवा. वेळ दहा मिनिटांचा असतो, तो ओलांडला तर परीक्षक थांबवू शकतात, आणि बोलणे चालू असताना ते मध्ये प्रश्न विचारत नाहीत. तुमच्या वाट्याच्या चार-पाच मिनिटांत सावकाश बोलून साधारण पाचशे शब्द होतात. तेवढे शब्द साध्या, छोट्या वाक्यांत लिहून काढा आणि मोठ्याने म्हणा. अडखळण्याचे कारण बहुतेक वेळा भाषेपेक्षा लांबलचक वाक्य असते.

सरावाला मित्रांऐवजी परक्या माणसांना बसवा. एखादा सनदी लेखापाल, बुटीबोरीत किंवा हिंगण्यात छोटा कारखाना चालवणारे कोणी ओळखीचे, आणि गाड्यांतले काहीच न कळणारी घरातली एखादी व्यक्ती, अशा तिघांसमोर बोला. त्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न टिपून ठेवा. ज्याचे उत्तर येत नाही, तिथे आकडा रचू नका. हे आम्ही अजून तपासलेले नाही आणि अशा रीतीने तपासू, असे सांगितलेले परीक्षकांना चालते. शेवटच्या स्लाइडनंतर आणखी तीन स्लाइड तयार ठेवा : महिन्यागणिक रोख रकमेचा तक्ता, भागांच्या किमती कुठून घेतल्या त्याची यादी, आणि ज्यांना फोन केले त्या ग्राहकांची नोंद. त्या दाखवण्याची वेळ येईल तेव्हा शोधाशोध होऊ नये, म्हणून त्यांचे क्रमांक पाठ करून जा.