संजय गांधी निराधार: आत्यांचा अर्ज परत का आला असेल

ताई, तुम्ही लिहिलंय की आत्यांना लकवा मारून डावा हात गेला, विड्या वळणं बंद झालं, दवाखान्याची अख्खी फाईल झेरॉक्स करून संजय गांधी निराधार या महिन्याला पैसे देणाऱ्या सरकारी योजनेच्या अर्जाला जोडली तरी 'कागदपत्रे अपूर्ण' म्हणून परत आला. राग येणारच. पण तहसीलला बसलेला क्लार्क एमआरआय वाचत नाही ओ, त्याच्यापुढं अटींची यादी असते अन प्रत्येक अटीला कुठला कागद चालतो ते ठरलेलं असतं. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त आहे का एवढंच तो बघणार, आणि ते यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळख नोंदणीच्या, प्रमाणपत्रावर असतं. खाजगी डॉक्टरनं लेटरहेडवर 'पेशंट काम करू शकत नाही' असं कितीही कळवळून लिहिलं तरी तिथं त्याचा उपयोग शून्य.

ती फाईल टाकून देऊ नका मात्र. ती लागते सिव्हिलला, तपासणीच्या वेळी. स्वावलंबन या सरकारी वेबसाईटवर यूडीआयडीचा अर्ज भरा, अन तारीख मिळाली की डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा रिपोर्ट, फिजिओथेरपीचे कागद तारखेप्रमाणं लावून न्या. डॉक्टर हात बघतात तेव्हा आत्यांनी स्वतः सांगायचं, पातेलं धरता येत नाही, ब्लाऊजचं बटन लागत नाही, विडीचं पान कातरता येत नाही. आपल्या बायकांना सवय असते, कुणी विचारलं की "बरं हाय आता" म्हणायची, अन समोरचा तेच लिहून मोकळा. प्रमाणपत्र तात्पुरतं मिळालं तर त्यावरची मुदत बघून ठेवा.

आता दुसरं. आत्या विधवा आहेत हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, अन उत्पन्नाचा दाखला 36,000 चा आहे. माझ्या मते खरी गोम इथंच आहे. विधवा म्हणून अर्ज केला तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत लागतं, दिव्यांग म्हणून केला तर 50,000 पर्यंत चालतं. म्हणजे तोच दाखला एकीकडं नापास, दुसरीकडं पास! तुम्ही बहुतेक नवऱ्याचा मृत्यूदाखला हाताशी होता म्हणून विधवेचा रकाना भरला असणार. यूडीआयडी आलं की दिव्यांगमधूनच भरा, रक्कमही जास्त आहे, दिव्यांगांना महिन्याला 2500 अन बाकीच्यांना 1500. एजंट म्हणेल दाखला 21 हजारात बसवून देतो, त्याच्या नादी लागू नका, घरात लेक विड्या वळते हे सगळ्या गल्लीला माहीत असतं आणि चौकशी झाली की अर्ज तिथंच अडकतो.

15 वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा पण लागतो, जुनं रेशनकार्ड असेल तर बाहेर काढा. आधारवर एक आडनाव, रेशनकार्डावर दुसरं असा घोळ असेल तर आधी तो मिटवा, कारण पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात, मंजूर होऊनही लोकं महिनोन्महिने बँकेच्या चकरा मारत बसलेली मी बघितलीत.

अर्ज दिला की पोच घ्यायचीच, शिक्क्यासकट. तोंडी "कागद कमी आहेत" म्हणाले तर कुठला कागद ते लिहून मागा. आणि आधीच्या परत आलेल्या अर्जावर काय शेरा मारलाय त्याचा फोटो, नाव-नंबर झाकून, इथं टाका, बघून सांगतो.